आनंदाची पाठ कोणी चोळली?

पोस्ट लांब झाली आहे. घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर आत्ताच वाचा, नसेल तर सवडीने वाचा.

वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्याकडे श्रीगोंद्यात संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन असतं. रोज दहा-बारा पानं. बायाच जास्त असतात, पुरुष मागे भिंतीला टेकून मोबाईल बघतात (मीही त्यातलाच). गेल्या वर्षी बुद्धांच्या रुग्णसेवेचं प्रकरण आलं. एक भिक्खू अतिसाराने आजारी पडलाय, स्वतःच्याच घाणीत लोळतोय, कोणी जवळ जात नाही. बुद्ध आणि आनंद विहारात फेरी मारताना तिथे पोचतात. बुद्ध पाणी ओततात, आनंद अंग पुसतो. एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून धरून दोघं त्याला उचलून नीट निजवतात. बायांनी साधू साधू साधू म्हटलं, वाचन संपलं.

घरी येताना बायको म्हणाली, “अहो, त्या दोघांनी उचललं ते बरंय. पण त्या आनंदाची पाठ दुखली असंल त्याचं काय? त्याची पाठ कोणी चोळली?”

मी हसलो. हसायला नको होतं, हे चार महिन्यांनी कळलं.

आमच्या आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, साडेतीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं. आई आधीच गेलेली. मी पत्रकार. तालुक्याचा पत्रकार म्हणजे काय हे सांगायला नको: सकाळी कारखान्याची सभा, दुपारी पंचायत समिती, संध्याकाळी काष्टीला अपघात. त्यामुळे आण्णांचं सगळं बायकोने केलं. आपल्या मराठीत हा शब्दप्रयोग मोठा गमतीचा आहे. “तिने सासऱ्याचं खूप केलं.” काय केलं? ते सांगायची गरज नसते. हागणंमुतणं, कूस बदलणं, भरवणं, रात्री तीनदा उठणं, सगळं त्या एका ‘केलं’मध्ये बसवून टाकलेलं असतं. त्याच्या पुढे कर्म नाही, हिशोब नाही.

त्या वाचनानंतर चार महिन्यांनी ती मोरीत चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं तर बीपी वरचा एकशे नव्वद. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं कधी तपासलं होतं? घरात बीपीचं मशीन आहे. साडेतीन वर्षं ते रोज दोन वेळा आण्णांच्या दंडाला बांधलं गेलं. बांधणारीच्या दंडाला एकदाही नाही. आणि त्याच आठवड्यात ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्याची बातमी मी ‘सेवा हाच धर्म’ असं शीर्षक देऊन छापून आणली होती.

तेव्हा तिचा प्रश्न आठवला आणि मी तो शोधायला लागलो. सवयीने बातमीसारखाच शोधला. जे सापडलं ते इथे मांडतोय.

पहिली गोष्ट त्याच कथेची. विहारात आपण ती अर्धी ऐकतो. विनयपिटकाच्या महावग्गात, चीवरांच्या प्रकरणात, ती पुढेही जाते. बुद्ध भिक्खूंना जमवून विचारतात, याच्याकडे का बघितलं नाही? उत्तर मिळतं की हा कधी कोणाच्या उपयोगी पडला नाही, म्हणून. थेट गावातलं उत्तर. त्यावर बुद्धांचं म्हणणं असं: तुम्ही आईबाप सोडून आलात, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची इच्छा आहे त्याने आजाऱ्याची करावी. हे आपण ऐकलेलं असतं. पुढे नियम येतात. गुरू असेल तर गुरूने करावं, शिष्य असेल तर शिष्याने, बरोबर राहणारा असेल तर त्याने. कोणीच नसेल तर संघाने. नाही केलं तर दोष संघाला. म्हणजे ‘ज्याचं त्याने बघावं’ ही पळवाट तिथेच बंद केलेली आहे.

त्यापुढचं वाचून तर मी खुर्चीत सरळ झालो. तिथे सेवा करणाऱ्याच्या पाच गोष्टी सांगितल्यात: औषध करता यावं, पथ्य-अपथ्य कळावं, लोभाने नाही तर मायेने करावं, मलमूत्र-ओकारीची किळस नसावी, आणि आजाऱ्याला चार धीराचे शब्द सांगता यावेत. पण त्याच्या जोडीला आजाऱ्याच्याही पाच गोष्टी आहेत! आजाऱ्याने पथ्य पाळावं, प्रमाण ओळखावं, औषध घ्यावं, दुखणं वाढलं की कमी झालं ते करणाऱ्याला खरं सांगावं, आणि दुखणं सोसायची ताकद ठेवावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला माहीत होतं की काही आजारी माणसं करायला फार अवघड असतात, आणि ते उघड बोलायला त्याला लाज वाटली नाही. आपल्याकडे अंथरुणावरच्या माणसाबद्दल असं काही बोललं की पाप लागतं.

अजून एक. भिक्खू मेला की त्याचं चीवर आणि भिक्षापात्र कोणाचं, असा प्रश्न आला. मालकी संघाची, पण आजाऱ्याचं करणारे फार उपकारी असतात, तेव्हा तीन चीवरं आणि पात्र त्यांना द्यावं, असा निर्णय झाला. भिक्खूच्या जोडीने एखाद्या श्रामणेराने, म्हणजे अजून पूर्ण दीक्षा न झालेल्या पोराने, सेवा केली असेल तर त्यालाही बरोबरीचा वाटा. पालीत करणाऱ्याला नाव आहे, गिलानुपट्ठाक. गिलान म्हणजे आजारी, त्याच्यापाशी उभा राहणारा तो. त्याला नाव आहे आणि वाटाही आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लावताना बारा वर्षं सासूचं करणारीला कोणी वाटा विचारलाय का, हे तालुक्याच्या कोर्टाच्या पायरीवर बसून मी वीस वर्षं बघतोय.

आता आनंदाकडे येतो. आनंदाने बुद्धांची पंचवीस वर्षं सेवा केली, पण ती पत्करताना त्याने अटी घातल्या होत्या असं परंपरा सांगते. एकूण आठ. तुम्हाला मिळालेलं चांगलं वस्त्र मला द्यायचं नाही, चांगलं अन्न द्यायचं नाही, तुमच्या कुटीत मला झोपायला लावायचं नाही, तुम्हाला एकट्याला आलेल्या जेवणाच्या बोलावण्याला मला न्यायचं नाही. हे चार नकार. आणि चार मागण्या: मी घेतलेलं आमंत्रण तुम्ही स्वीकारायचं, लांबून आलेल्याला मी लगेच तुमच्यापाशी आणणार, शंका आली की मी केव्हाही विचारणार, आणि माझ्या माघारी दिलेलं प्रवचन मला पुन्हा सांगायचं. हे सगळं कबूल झाल्यावर त्याने सेवा घेतली. मला यातली झोपायची अट सर्वांत महत्त्वाची वाटली. अटीमागचं कारण परंपरेत वेगळं सांगतात, लोकांनी स्वार्थासाठी सेवा करतो म्हणू नये हे. पण ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याला विचारा, रात्री वेगळ्या खोलीत झोपायला मिळणं म्हणजे काय. आणि शेवटची मागणीही बघा. सेवा करता करता माझं शिकणं बुडता कामा नये, एवढंच ती म्हणते.

पाठीचंही सापडलं. बायको जे विचारत होती ते शब्दशः सापडेल असं वाटलं नव्हतं. आनंद म्हाताऱ्या बुद्धांचे हातपाय चोळतोय आणि चोळता चोळता म्हणतोय की कातडी सैल झाली, अंग वाकलं, असा प्रसंग संयुत्त निकायात आहे. आणि बुद्धांची स्वतःची पाठ दुखायची. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत बोलून झाल्यावर ते आनंदाला म्हणाले, आता तू बोल, माझी पाठ दुखतेय, मी जरा आडवा होतो. आणि झाले आडवे. जगाचा दुःखनिवारक भरल्या सभेत पाठ टेकतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. आमच्याकडे घरात बाई दुपारी आडवी झाली की शेजारीण विचारते, “बरं नाही का?”

तरी आनंदाचं कोणी केलं याचं उत्तर उरतंच. ते शेवटी, कुशीनाऱ्यात मिळतं. बुद्ध शेवटच्या अवस्थेत आहेत आणि आनंद दिसत नाही. तो आत जाऊन दाराच्या चौकटीला धरून रडतोय. बुद्ध विचारतात, आनंद कुठाय? निरोप पाठवून बोलावून घेतात, समजूत घालतात, आणि सगळ्यांसमक्ष सांगतात की याने कायेने, वाचेने, मनाने फार दिवस मायेने माझं केलं. मरणाऱ्या माणसाने करणाऱ्याची चौकशी केली, चारचौघांत त्याचं ऋण सांगितलं. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मध्येच डोंबाऱ्याची गोष्ट सांगतो, कारण ती सगळ्यांत कामाची आहे. सेदक नावाच्या गावी बुद्धांनी ती सांगितली. डोंबारी बांबू उभा करतो, शिष्याला खांद्यावर घेतो आणि म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे खेळ नीट होईल, पैसेही मिळतील. शिष्य म्हणतो, तसं नाही गुरुजी. तुम्ही तुमचा तोल सांभाळा, मी माझा, मगच दोघं सुखरूप खाली येऊ. बुद्ध शिष्याच्या बाजूने कौल देतात, पण तिथे थांबत नाहीत. स्वतःला जपण्यातून दुसरा जपला जातो, आणि दुसऱ्याला क्षमेने, मायेने जपण्यातून आपणही जपले जातो, अशी दोन्ही टोकं ते बांधतात. लहानपणी बाजारच्या दिवशी मी हा खेळ पुष्कळदा बघितलाय. खालचा माणूस वर बघत असतो, पण त्याचे पाय जमिनीवर काय करतायत तिकडे बघा. तो सारखा अर्धा-अर्धा पाऊल सरकत असतो. स्वतःचा तोल सोडून तो वरच्याला धरायला गेला तर दोघं पडतात.

पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’त मैत्रीभावनेची पद्धत लिहिली. तिची सुरुवातच स्वतःपासून आहे. आधी मी सुखी असो, मग जवळचा, मग तिऱ्हाईत, मग वैरी. हे स्वार्थाने नाही. जसं मला सुख हवं तसं त्यालाही, हे समजायला आधी स्वतःचं माप घ्यावं लागतं. आणि मैत्री, करुणा, मुदिता यांच्या जोडीला चौथी उपेक्षा आहे. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड, पालीत तसं नाही. तिथे ती समतोल आहे: मी करायचं ते केलं, आता आण्णांचा हात पुन्हा हलेल की नाही ते माझ्या हातात नाही, हे कळणं. आमच्या घरातल्या निम्म्या रात्री हे न कळल्यामुळे गेल्या.

आता महाराष्ट्रात येतो. हे सगळं ज्या माणसामुळे आपल्या घरात आलं त्याच्या घरात काय झालं, ते बघायला नको का?

रमाईंबद्दल मी जास्त लिहीत नाही, सगळ्यांना पाठ आहे. बाबासाहेब परदेशात शिकत असताना त्यांनी संसार ओढला, चार लेकरं मातीत घातली, स्वतःचं दुखणं अंगावर काढलं, आणि 27 मे 1935 ला राजगृहात त्या गेल्या. चाळिशीही गाठली नव्हती. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला. आपण दर वर्षी त्यागमूर्ती म्हणून त्यांचे पोस्टर लावतो. मला आता त्या शब्दाची थोडी भीती वाटते. ज्या बाईला आपण त्यागमूर्ती म्हणतो तिला डॉक्टरकडे न्यायचं राहून गेलेलं असतं.

दुसरं नाव काढलं की कमेंटमध्ये काही जण चिडतील, तरी काढतो. डॉ. शारदा कबीर, लग्नानंतर सविता आंबेडकर, माईसाहेब. जन्म 27 जानेवारी 1909. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एमबीबीएस. डॉ. माधवराव मालवणकरांकडे त्या काम करत आणि बाबासाहेब तिथे उपचाराला येत. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, पायांच्या नसांचं दुखणं. घटनेचं काम ऐन भरात होतं. बाबासाहेबांनी तेव्हा सहकाऱ्यांना पत्रांतून कळवलेलं कारण साधं आहे: प्रकृतीकडे बघायला घरात कोणीतरी हवं, परिचारिका ठेवली तर लोक नाही नाही ते बोलतील, त्यापेक्षा लग्न बरं. 15 एप्रिल 1948 ला दिल्लीत नोंदणी पद्धतीने लग्न झालं. ते आदल्याच दिवशी सत्तावन्न पूर्ण झालेले, त्या एकोणचाळीसच्या. डॉक्टरकी बाजूला पडली आणि इन्सुलिन, पथ्य, झोपेच्या वेळा हे काम झालं. साडेआठ वर्षं. त्या साडेआठ वर्षांत राज्यघटना झाली, हिंदू कोड बिलावरून राजीनामा झाला, रंगूनची धम्म परिषद झाली, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहून झाला, आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. महास्थवीर चंद्रमणींकडून दीक्षा घेताना माईसाहेब शेजारी उभ्या होत्या.

त्यांच्याबद्दलची जुनी तक्रार कोणती? लोकांना भेटू देत नसत. मी ही तक्रार आमच्या आधीच्या पिढीकडून इतक्या वेळा ऐकलीय की ती मला खरीच वाटायची. भेटायला आलेल्या कार्यकर्त्याची बाजू खोटी नव्हे; खेड्यातून रेल्वेने दिल्लीला पोचलेला माणूस दारातून परत जातो तेव्हा त्याला काय वाटत असेल? पण वर सांगितलेल्या पाच गोष्टींतली दुसरी आठवा. पथ्य काय, अपथ्य काय ते ओळखून अपथ्य दूर ठेवायचं. साखर तीनशेला गेलेल्या माणसासाठी रात्री अकराची बैठक हे अपथ्यच. दाराशी उभी राहणारी बाई सगळ्यांना वाईट दिसते. आमच्याकडे आण्णांना भेटायला पाहुणे येतात, दीड तास बसतात, चहा घेतात, “लवकर बरे व्हा” म्हणून जातात, आणि रात्रभर आण्णा तळमळतात. एकदा बायकोने पाहुण्यांना सांगितलं, आता झोपू द्या त्यांना. भावकीत अजून बोलतात.

दिल्लीच्या त्या घरात अजून एक गिलानुपट्ठाक होता. नानकचंद रत्तू, पंजाबातल्या होशियारपूरकडचा, सरकारी नोकरीतला साधा कारकून. स्वतःची नोकरी करून संध्याकाळी 26, अलीपूर रोडला यायचा, टायपिंग करायचा, पाय चेपायचा. 5 डिसेंबर 1956 च्या रात्री त्याने बाबासाहेबांचे पाय दाबले, डोक्याला तेल लावलं. बाबासाहेबांनी बुद्धवंदनेची रेकॉर्ड लावायला सांगितली. आणि रात्री बघायला म्हणून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची प्रास्ताविक आणि प्रस्तावनेची टाईप केलेली पानं टेबलावर आणून ठेवायला सांगितली. सकाळी ते उठले नाहीत.

त्या प्रस्तावनेत काय होतं? 1956 च्या मार्च-एप्रिलमध्ये ती लिहून झाली होती. तीत बाबासाहेबांनी लिहिलंय की या ग्रंथाच्या काळात प्रकृती इतकी खालावली की डॉक्टर मला विझत चाललेली ज्योत म्हणू लागले होते, आणि ती ज्योत पुन्हा पेटली ती माझी पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे. मी त्यांचा फार ऋणी आहे. शब्द माझे, आशय त्यांचा. कुशीनाऱ्यात बुद्धांनी आनंदाबद्दल जे केलं, तेच बाबासाहेबांनी कागदावर केलं होतं.

ग्रंथ 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ही प्रस्तावना नव्हती.

ती छापून लोकांसमोर आली 1980 मध्ये, दिल्लीचे भगवान दास यांनी बाबासाहेबांच्या दुर्मीळ प्रस्तावना एकत्र केल्या तेव्हा. मधली तेवीस वर्षं माईसाहेबांनी कशी काढली? त्यांच्यावर थेट विषप्रयोगाचा संशय घेतला गेला. खासदारांच्या मागणीवरून केंद्राने चौकशी केली, आणि मृत्यू नैसर्गिक होता असं गृहमंत्री गोविंद वल्लभ पंतांनी लोकसभेत सांगितलं. पण संसदेतलं उत्तर विहारापर्यंत पोचायला पिढ्या लागतात. त्या दिल्लीजवळ मेहरौलीला एकट्या राहिल्या. पुढे पँथरमधली रामदास आठवले यांच्यासारखी मंडळी त्यांना पुन्हा चळवळीत घेऊन आली. 1990 मध्ये राष्ट्रपती आर. वेंकटरमण यांच्या हातून बाबासाहेबांचं भारतरत्न त्यांनी स्वीकारलं, त्याच वर्षी ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ हे आत्मचरित्र आलं. 29 मे 2003 ला त्या गेल्या. रत्तूंनीही आपल्या आठवणी लिहिल्या, आणि त्यांच्या पुस्तकातल्या माई आणि माईंच्या पुस्तकातल्या माई एक नाहीत. एकाच माणसाचं करणाऱ्या दोघांचं पटलं नाही, यात मला आता नवल वाटत नाही. आमच्या ताईचं आणि बायकोचं आण्णांच्या पातळ खिचडीवरूनही पटत नाही.

मला इथे कोणाची बाजू घेऊन खटला चालवायचा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याला बुद्धांनी करणाऱ्याची कदर शिकवली, बाबासाहेबांनी ती लिहून ठेवली, आणि तेवढंच पान आपल्या हातात उशिरा आलं. नावं गळतात. आमच्याच गावाचं बघा, जुन्या कागदांत ते चांभारगोंदे आहे. गोविंद चांभाराच्या नावावरून पडलं असं सांगतात. आज पाटीवर श्रीगोंदा आहे आणि नव्या पोरांना गोविंद माहीत नाही. ठरवून कोण काढतं, कोण विसरतं, हे शेवटी वेगळं करता येत नाही.

सरकारी कागदांत तर करणाऱ्याचं नावच नसतं. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. मुलांनी आईवडिलांना सांभाळावं, नाही सांभाळलं तर न्यायाधिकरण. चांगला कायदा आहे, मी त्याच्या बातम्या केल्यात. पण सांभाळणाऱ्याला आठवड्यात एक दिवस सुट्टी कशी मिळेल, याचा त्यात विचार नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली लोकांचा दिवस कसा जातो याचं देशभर सर्वेक्षण केलं. घरातल्यांची बिनपगारी काळजी घेणाऱ्या बायका त्या कामावर रोज सरासरी 134 मिनिटं देतात, पुरुष 76. आणि घरकामावर बायका 299, पुरुष 97. हे आकडे वाचून मी माझा हिशोब केला. माझी 76 सुद्धा भरत नव्हती. मी आण्णांच्या खाटेजवळ बसून फोनवर बातमी सांगायचो, तो वेळ धरला तरी.

कोणी म्हणेल, विपश्यना करा की. इगतपुरीचं केंद्र 1976 पासून आपल्याच राज्यात आहे, गोयंका गुरुजींनी ही विद्या ब्रह्मदेशातून परत आणली, लाखोंना उपयोग झाला. मान्य. पण दहा दिवस मौनात बसायला घर सोडावं लागतं, आणि जिचं घर दहा तास सुटत नाही तिने काय करावं? मी तिला एकदा म्हणालो होतो, जाऊन ये. ती म्हणाली, “जाते. डबा, डायपर आणि आण्णा, तिन्ही तुमच्याकडे.” मी गप्प बसलो. श्वासावर लक्ष ठेवायला दहा दिवस लागतात असं नाही, हे मात्र तीच शिकली. आण्णांची कूस बदलण्याआधी खाटेला हात लावून तीन श्वास. मला वाटायचं ती दमून थांबते.

मग आम्ही आनंदासारख्या अटी लिहायला बसलो. खरंच वहीत लिहिल्या. रात्री एकाआड एक दिवस आण्णांजवळ मी झोपणार, ती वरच्या खोलीत. महिन्यातले चार दिवस ताई दौंडहून येणार, खिचडी ती करेल तशी, त्यावर बोलायचं नाही. बीपीचं मशीन आधी तिच्या दंडाला, मग आण्णांच्या. पाहुण्यांना वीस मिनिटं. बुधवारी संध्याकाळी ती घरात नसणार, कुठे जाते ते विचारायचं नाही. (विहारात जाते, सगळ्या गल्लीला माहीत आहे.) आण्णांनाही वाचून दाखवलं, त्यांच्या पाच गोष्टींसह. औषध थुंकायचं नाही हे ऐकून ते डाव्या गालात हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा थुंकलं.

सगळ्या अटी पाळल्या जातात असं अजिबात नाही. ग्रामपंचायत निवडणुकीत महिनाभर सगळं मोडलं होतं. तिचं बीपी अजून गोळीवर आहे.

यंदा वर्षावासाच्या पहिल्या बुधवारी मी घरी आण्णांपाशी होतो, त्यामुळे पुढचं ऐकलेलं सांगतोय. आमच्या घरातल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या जुन्या प्रतीत ती प्रस्तावना नाही. तिने ती झेरॉक्स करून आणली, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवली, आणि वाचनाची सुरुवात तिथून केली. विझत्या ज्योतीचं वाक्य आलं तेव्हा मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या मावशीने थांबवलं. तिच्या नवऱ्याचे शेवटची सात वर्षं डोळे गेले होते, तिनेच केलं.

“पुन्हा वाच गं ते,” ती म्हणाली. “कोणामुळं पेटली म्हणतो?”